भोपूच्या झोपेत भरलेली बाजू

आमच्या लेकीला जगात दोनच ठिकाणी झोप लागते. एक माझ्या खांद्यावर आणि दुसरं नकाशांच्या खणात. खांदा दुखतो, म्हणून मला खण जास्त आवडतो.

हा खण एका बोटीत आहे. बोट तेव्हा शेडमध्ये होती आणि शेड आमच्या घरापासून माझ्या पावलांनी चार मिनिटांवर, भोपूच्या पावलांनी वीस. भोपू हे लाडाचं नाव. जन्मल्यावर तिचं रडणं ऐकून आजेसासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं बाई, हा तर बोटीचा भोंगा!" त्या भोंग्याचं पुढे भोपू झालं. आता ती अडीच वर्षांची आहे. रागावली की गाल फुगवते, भिंतीकडे तोंड करून बसते आणि वर स्वतःच जाहीर करते, "मी फुगले." न जाणो, आपलं लक्ष नसलं तर!

पण मला सांगायचंय ते बोटीचं.

बोट लाकडी, पन्नास फुटांची, युद्धाच्या काळात घाईघाईने बांधलेली. तिच्यावर तोफ नव्हती. जहाज बुडालं किंवा विमान पाण्यात पडलं की धावत जायचं आणि तरंगणारी माणसं उचलून आणायची, एवढंच तिचं काम. युद्ध संपलं, मग तिने वाळू वाहिली, मासे वाहिले, आणि शेवटी कुणालाच नको झाल्यावर खाडीच्या चिखलात तीस वर्षं रुतून बसली. सहा वर्षांपूर्वी गावातल्या लोकांनी ट्रस्ट काढून तिला बाहेर ओढलं. ट्रस्टचे सभासद एकूण अकरा. त्यातले कामाला येणारे चार, आणि त्या चारांतले एक फक्त चहाच्या वेळी.

अध्यक्ष आमच्या आजेसासूबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी. वय चौऱ्याऐंशी. हातोडी धरता येत नाही, पण हुकूम सोडता येतात. "मी अध्यक्ष कशी झाले माहीत आहे का?" येईल त्याला त्या विचारायच्या. "मी या बोटीची प्रवासी आहे!" आणि हे खरं होतं. त्या अकरा महिन्यांच्या असताना, त्या आणि त्यांची आई ज्या जहाजावर होत्या ते बुडालं. याच बोटीने दोघींना पाण्यातून काढलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा एका खलाशाने टेबलाखालच्या खणातले नकाशे काढून फेकले, आपला स्वेटर अंथरला आणि बाळाला त्यात ठेवलं.

"नकाशे फेकले, मग घरी कसे आलात?" प्रत्येक जण विचारायचा.

"मी रडत होते ना. खलाशांनी आवाजाच्या उलट दिशेने जायचा प्रयत्न केला असेल, पण मी बोटीतच होते. मग नाइलाजाने घरी आणलं."

तर तोच खण. घरात पाळणा आहे, गादी आहे, मऊ दुलई आहे, पण आमच्या राणीसाहेबांना पणजीचा खण हवा. दुपारी एक ते अडीच ती त्यात झोपायची, आणि तो दीड तास माझा असायचा.

खरं तर मी शेडमध्ये गेले होते माहितीचे फलक लिहायला. माझं अक्षर चांगलं आहे, असं नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं होतं. पण पहिल्याच दुपारी बोट दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांनी माझ्या हातात कापसाची जाड वात, एक बोथट पटाशी आणि लाकडी मोगरी ठेवली. लाकडी बोटीच्या दोन फळ्यांमध्ये फट असते. त्या फटीत कापसाची वात बसवायची, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, मग पाणी आत येत नाही. एका बाजूला अशा अठरा फटी, प्रत्येक बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सुतारकाका दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचे, त्यातले बारा भोपूशी. मला शिकवताना त्यांनी फक्त एकदा करून दाखवलं. पटाशी टेकवली, मोगरी अलगद मारली, टुक्. पुढे सरकले. टुक्. मग आत भोपू झोपली होती तिकडे एक नजर टाकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हळू मारायचं."

किती भले आहेत, मला वाटलं. लेकीची झोप मोडू नये म्हणून स्वतःचं काम धीमं करतात!

मी तो शब्द मनावर घेतला. बोटीच्या पोटावर बाहेरून मारलेला घाव आत ढोलासारखा घुमतो. म्हणून मी मोगरीला नवऱ्याचा एक लोकरी मोजा चढवला, राखाडी रंगाचा, टाचेला भोक पडलेला. रोज दुपारी भोपूला खणात ठेवायची, तिचा श्वास लांब झाला की बाहेर यायची आणि डाव्या बाजूला बसायची. टुक्. टुक्. कुठे घाव जरा जोरात बसला की थांबून कान द्यायची. आत शांत असेल तर पुढे. अशा पाच महिन्यांच्या दुपारी झाल्या. त्या पाच महिन्यांत मी एकही पुस्तक वाचलं नाही, एकही दुपार झोपले नाही, पण डावी बाजू इंचाइंचाने माझी होत गेली. भांडी, धुणी, भाजी यांपैकी कुठलंच काम संध्याकाळी जागेवर दिसत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही फट मात्र काल जिथे सोडली तिथेच असायची, माझी वाट बघत.

मधेच सुतारकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते लेकीकडे जायला निघाले तेव्हा शेडच्या दारात उभे राहिले. आत भोपू झोपलेली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आमच्याकडे बघून पुन्हा तेच म्हणाले, "हळू मारा, काय? हळू," आणि गेले.

आमच्याकडे म्हणजे मी आणि त्यांना निरोप द्यायला मुद्दाम आलेले ड्रिलमास्तर. हे शाळेतले कवायतीचे मास्तर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी छाती अजून परेडला उभी. उजवी बाजू त्यांनी घेतली होती. माणूस सोन्यासारखा. भोपूची झोप मोडायला नको म्हणून ते दुपारी यायचेच नाहीत. पहाटे सहाला यायचे आणि आम्ही पोचायच्या आत निघून जायचे. मी चुकून लवकर गेले तर रस्त्यावरूनच आवाज ऐकू यायचा. धाड्! धाड्! धाड्! कवायतीच्या तालात.

"वहिनी, तुमचं झालं का?" ते विचारायचे.

"आठ फटी राहिल्यात, मास्तर."

"माझ्या चार! पण स्पर्धा नाही हं. आपल्यात डावं-उजवं काही नाही." आणि मग माझ्या मोगरीवरचा मोजा बघून मिशीतल्या मिशीत हसायचे.

माझी शेवटची फट भरत आली तेवढ्यात बंदर कार्यालयाचं पत्र आलं. शेड महिनाअखेर पाडणार होते. बोटीला जुन्या धक्क्यावर कायमची जागा मिळणार होती, पण एका अटीवर. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तपासनीस येणार, आणि पंप बंद ठेवून बोट दोन तास पाण्यावर राहिली पाहिजे. राहिली तर जागा तिची. नाही राहिली तर ती जागा तरंगत्या आइस्क्रीमच्या दुकानाला.

"आणि बोट?" मी विचारलं.

नवऱ्याने पत्र उलटं करून बघितलं, जणू मागे काही चांगलं लिहिलं असेल. "ठेवायला जागाच नाही म्हटल्यावर... लाकूड म्हणून जाईल."

आजींनी पत्राची बारीक घडी घातली आणि कमरेला खोचली. त्या हुकूम सोडत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

गुरुवारी सकाळी बोट रुळांवरच्या गाडीवरून उतारावरून खाली सोडली. सहा वर्षांनी तिच्या पोटाला पाणी लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी येणारे सभासद टाळ्या वाजवायच्या वेळीही आले होते. भोपू माझ्या कडेवरून ओरडली, "बोट आंघोळ!"

आंघोळच झाली. मी आत उतरले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं; एवढी एकच जागा तिथे कोरडी राहिली. डाव्या बाजूच्या अठराच्या अठरा फटींमधून बारीक धारा येत होत्या. कुणीतरी चाळणी उलटी धरावी तसं. मी पाच महिने भरलेली प्रत्येक रेघ पाण्याने पुन्हा काढून दाखवली होती. उजवी बाजू मात्र कोरडी ठणठणीत. मास्तरांनी खिशातून पांढरा रुमाल काढून तिच्यावरून फिरवला आणि कोरडाच्या कोरडा परत खिशात घातला. त्यांना मिरवायचं नव्हतं, पण मिरवलं गेलं.

नवऱ्याचा फ्रिज दुरुस्तीचा धंदा आहे. मोटार आणि नळी दिसली की त्याला उत्साह येतो. त्याने दोन पंप लावले आणि फळ्यावर खडूने वेळ लिहिली. बोट डावीकडे कलली होती, माझ्याच बाजूला.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," मास्तर हळूच म्हणाले. "तुमची मेहनत सगळ्यांनी पाहिलीये. पण मोजा घातलेल्या मोगरीने कापूस बसणार कसा?"

त्यांनी टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते. त्यांनी समजूत घातली, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे पाण्याची आधीच कमतरता नव्हती. मी भोपूला उचललं आणि घरी आले. भाजी चिरायला घेतली. वाटलं, बरोबरच आहे. आपण ते काम केलंच नाही. आपण लेकीला झोपवत होतो आणि मधल्या वेळात कामाचा खेळ खेळत होतो. आता आजींचा खण लाकूड म्हणून जाणार, तो आपल्या टुक्‌टुकीमुळे.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. "ये लवकर. सुतारकाका आलेत."

काका कुबड्या घेऊन, लेकीशी भांडून, दोन तासांचा प्रवास करून आले होते. बोटीत उतरणं त्यांना शक्य नव्हतं. नवरा आणि मास्तर दोघांनी त्यांना खुर्चीसकट आत उतरवलं. खुर्चीत बसून ते बराच वेळ डावीकडे बघत राहिले. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"ही कोणी भरली?"

"मी," मी म्हणाले. शाळेत असताना फुटलेल्या काचेबद्दल मी असाच हात वर केला होता.

"कशी?"

"हळू. भोपू झोपलेली असायची ना. तुम्हीच म्हणाला होतात." आणि मी पिशवीतून मोजा चढवलेली मोगरी काढून दाखवली. का बरोबर आणली होती कोण जाणे. पुरावा म्हणून असेल.

काकांनी मोजा बघितला. त्याच्या भोकातून बोट घातलं. आणि मग तो माणूस, जो वर्षात दोनदा हसतो, खुर्ची हलेपर्यंत हसला.

"अगं, कोरडी फळी तहानलेली असते," ते म्हणाले. "सहा वर्षांची तहान. पाणी पिते आणि फुगते. फुगायला जागा ठेवावी लागते, म्हणून कापूस हळू बसवायचा. कोंबायचा नाही. दोन दिवस थांब. फुगू दे तिला. मग बघ."

"म्हणजे तुम्ही हळू म्हणालात ते..."

"लाकडासाठी."

"मला वाटलं, भोपूसाठी!"

"मलाही," मागून अगदी बारीक आवाज आला. मास्तर होते. इतक्या मोठ्या छातीतून इतका बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मला वाटलं झोप मोडू नये म्हणून. म्हणून तर मी ती नसताना यायचो. म्हटलं, ती नाहीये, तर जोरात मारायला हरकत काय?"

काकांनी उजव्या बाजूच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"हिला फुगायला जागाच नाही," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याचा फळा बघण्यासारखा झाला होता. गुरुवारी दर दहा मिनिटांनी पंप लागत होता. शुक्रवारी आठ वाजता वीस मिनिटांनी. दहा वाजता पाऊण तासाने. मी डाव्या बाजूला गाल लावून बसले होते. धारांचे थेंब झाले होते, थेंबांचा ओलावा. माझ्या डोळ्यांदेखत एक एक रेघ मिटत होती. आई झाल्यापासून मला कुणी "शाब्बास" म्हटल्याचं आठवत नाही. त्या फळ्यांनी म्हटलं.

"बोट काय करते?" भोपूने विचारलं.

"फुगतेय."

भोपूने बोटीकडे जरा आदराने बघितलं.

आणि दुपारी उजवीकडून आवाज आला. कट्. मग जरा वेळाने पुन्हा, कटर्र. बाहेरून बघितलं तर मास्तरांनी ठासून भरलेल्या फटींमधून लांबी टूथपेस्टसारखी बाहेर येत होती, आणि मधली एक फळी दोन बोटं बाहेर फुगली होती. फळ्यांना जागा हवी होती, मिळत नव्हती, म्हणून त्या एकमेकींना ढकलत होत्या. तासाभरात त्या फळीच्या खालून पाणी सुरू झालं. रुमाल फिरवायची सोय राहिली नाही.

"खिळे सुटायच्या आत वर घ्या," काका म्हणाले. "मधल्या चार फटी, फळी फुगलीये तेवढ्याच भागात, उकरायच्या आणि पुन्हा भरायच्या. हळू. उद्याच्या दिवसात."

एका दिवसात चार फटी. मला एका अख्ख्या फटीला आठवडा लागायचा. काकांना गुडघा वाकवता येत नव्हता. उरले मास्तर. आणि मास्तर शेडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मी आता हात लावणार नाही," ते म्हणाले. "माझे हातच तसले. मी बिघडवलं, मी आणखी बिघडवणार."

आजी काठी टेकत त्यांच्यापाशी गेल्या. "मास्तर, फुगलात का?"

मास्तर भिंतीकडे आणखी सरकले.

"फुगायचं काम बोटीचं आहे. तुमचं काम वेगळं आहे. उद्या सकाळी सातला या. आणि सकाळी सात म्हणजे सात, तुमच्यासारखं पहाटे सहा नाही."

शनिवारी बोट पुन्हा उतारावरून शेडमध्ये ओढली. डावी बाजू सुकू नये म्हणून तिच्यावर ओली पोती टाकली. आजी खुर्ची टाकून बसल्या आणि झाडांना पाणी घालायची झारी घेऊन दिवसभर तिला पाणी पाजत राहिल्या. "पी बाई, पी. एवढ्यात उठू नकोस," असं काहीबाही चाललं होतं. उजवीकडच्या चार फटी उकरून होईपर्यंत दुपार झाली. आता भरायच्या.

मी मास्तरांच्या हातात मोजा चढवलेली मोगरी दिली.

त्यांनी पटाशी टेकवली आणि मोगरी मारली. धाड्!

"हळू," काका म्हणाले.

धाड्.

"अजून हळू."

"अहो, हेच हळू आहे!" मास्तर रडकुंडीला आले. "आयुष्यभर पोरांना सांगितलं, पाय आपटा, आवाज आला पाहिजे. आता या हाताला कसं सांगू, आवाज नको म्हणून? याहून हळू म्हणजे किती?"

काकांना ते शब्दात सांगता येईना. मलाही येईना. किती हळू हे मला तरी कुठे माहीत होतं? माझ्याकडे फक्त एक कान होता, खणाच्या दिशेने लावलेला.

आणि तेव्हाच मला सुचलं. मी भोपूला उचललं. एक वाजत आला होता, डोळे चोळणं सुरू झालं होतं. "मास्तर, आत या."

खणात दुलई अंथरली, तिला ठेवलं, थोपटलं. पाच मिनिटांत श्वास लांब झाला. मी बाहेर आले आणि कुजबुजले, "आता मारा. ती उठली तर जोरात झालं. नाही उठली तर बरोबर."

मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मोगरी उचलली, श्वास धरला आणि मारली.

आतून भोंगा वाजला. सगळी शेड दुमदुमली.

"जोरात झालं," काका म्हणाले.

"ते कळलं!" मास्तर म्हणाले, मोगरी टाकली, आत धावले आणि माझ्या आधी त्यांनीच तिला उचललं. खांद्यावर टाकून ते शेडमध्ये फेऱ्या मारायला लागले. ताठ मानेने, संथ पावलांनी, तोंडाने अगदी मऊ आवाजात, "एक... दोन... एक... दोन..." चौथ्या फेरीला भोपूची मान कलली. सहाव्या फेरीला तोंड उघडं पडलं. मी थक्क झाले. मला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्यांनी तिला परत खणात ठेवलं. बाहेर आले. पण पावलांमधला तो संथपणा त्यांच्या हातात तसाच राहिला होता. पटाशी टेकवली. ओठांतल्या ओठांत म्हणाले, "एक," आणि मोगरी पडली.

टुक्.

सगळे आतल्या खणाकडे कान लावून उभे. काही नाही.

"दोन." टुक्.

काकांनी डोळे मिटून मान हलवली. "असं."

त्या दुपारी शेडमध्ये एकही माणूस मोठ्याने बोलला नाही. मी कापूस पुढे सरकवत होते, मास्तर मारत होते, नवरा मागून लांबी भरत होता. चहावाले सभासदसुद्धा चहा घेऊन चोरपावलांनी आले आणि कप न वाजवता ठेवून गेले. भोपू त्या दिवशी अडीचला उठलीच नाही. सव्वातीनपर्यंत झोपली. तिला कसं कळलं कोण जाणे, की आज दीड तास पुरणार नाही. ती उठली तेव्हा तीन फटी झाल्या होत्या, आणि चौथीला कुणाला मापाची गरज उरली नव्हती.

रविवारी बोट पुन्हा पाण्यात उतरली. थोडं पाणी आलं, दोन्ही बाजूंनी सारखंच. नवऱ्याच्या फळ्यावर वीस मिनिटं, मग एक तास, मग तीन. संध्याकाळी तो खडू हातात घेऊन लिहायला काही घडायची वाट बघत बसला होता.

सोमवारी भोपू आनंदाने पहाटे पाचलाच उठली. त्यामुळे साडेदहाला तिचे डोळे मिटायला लागले आणि पावणेअकराला ती खणात गाढ झोपली. मी खण नेहमीसारखा वीतभर उघडा ठेवला. अकरा वाजता तपासनीस साहेब आले. हातात फायलींची चळत, पायात टापटाप वाजणारे बूट.

"कोणाच्या नावाने आहे ही बो..."

"श्श्!" पाच जणांनी एकदम केलं.

साहेब दचकले. मास्तरांनी खणाकडे बोट दाखवलं, मग साहेबांच्या बुटांकडे. साहेबांनी वाकून बघितलं. दुलईतून एक छोटं पाऊल बाहेर आलं होतं. साहेबांच्याही घरी कुणीतरी असणार. काही न बोलता त्यांनी बूट काढून धक्क्यावर ठेवले.

"पंप बंद करा," ते कुजबुजले.

"बंदच आहे, साहेब," नवरा कुजबुजला. "रात्रीपासून लागलेलाच नाही."

साहेबांनी विश्वास ठेवला नाही, ते त्यांचं कामच होतं. ते मोज्यांनी चालत सगळीकडे फिरले. फळ्यांवरून हात फिरवला. पोटाच्या तळाशी काठी घालून पाणी मोजलं, घड्याळ लावलं आणि खोक्यावर बसले. दोन तास बसायचं होतं. तेवढ्या वेळात आजींनी त्यांना कुजबुजत आपली गोष्ट सांगितली. जहाज, पाणी, खलाशी, स्वेटर. साहेबांनी विचारलं, "नकाशे फेकले, मग घरी कसे आलात?" आजींनी आयुष्यात पहिल्यांदा तो विनोद कुजबुजत केला, आणि तो तसाच जास्त चांगला वाटला.

एक वाजता साहेबांनी पुन्हा काठी घातली. बाहेर काढून बघितली. टोक ओलं होतं, सकाळी होतं तेवढंच. त्यांनी डाव्या बाजूला हात ठेवला. "ही बाजू फार सुबक भरलीये," ते हळूच म्हणाले. "कोणत्या कारागिराकडून करून घेतलीत?"

मी तोंड उघडलं, पण मास्तर माझ्या आधी बोलले. "आमच्या वहिनींनी, साहेब. रोज दीड-दीड तास बसून." आणि मग जरा थांबून, छाती पुढे काढून, "उजवीकडच्या चार फटी माझ्या. शिकाऊ आहे अजून."

साहेबांनी कागदावर सही केली. पेनाची कुरकुर सगळ्यांना ऐकू आली, इतकी शांतता होती. न पंप, न धार, न थेंब. फक्त भोपूचा श्वास, आणि बाहेर बोटीच्या पोटावर पाण्याची थाप, मी तिला थोपटते अगदी तशी.

आजींनी पदराने डोळे टिपले, आणि जणू आणखी थोडं पाणी आत आलं म्हणून तपासनीस साहेब सही परत घेतील, अशा घाईने पदर खाली सोडला.

तेवढ्यात खणात हालचाल झाली. आधी एक हात आला, मग विस्कटलेले केस, मग भोपू उठून बसली. समोर अनोळखी माणूस, बिनबुटांचा. तिने त्यांना नीट न्याहाळलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं,

"आई, बोट फुगली?"

"फुगली गं. पूर्ण फुगली."

भोपूचा चेहरा गंभीर झाला. तिने साहेबांकडे संशयाने बघितलं.

"कोणी रागावलं तिला?"

साहेबांनी फाइल पाठीमागे लपवली. "मी नाही हं," ते घाईघाईने म्हणाले. आता कुजबुजायची गरज उरली नव्हती, तरी कुजबुजतच.